गिटारच्या फ्युजन अल्बममध्ये ड्रम्स कसे ऐकायचे

गॅलरीत कपडे वाळत घालत होतो आणि आतल्या खोलीत महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा 'बर्ड्स ऑफ फायर' लावलेला होता. दार लोटलेलं. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार ऐकायची म्हणून हा अल्बम मी कॉलेजपासून लावत आलो, पण ती गिटार दाराआडच राहिली होती. बाहेर पोचत होते ड्रमर बिली कोबमचे टॉम (काठीनं वाजवायचे घुमणारे ड्रम) आणि पायानं वाजवायचे बेस ड्रम. खालच्या पट्टीतला आवाज दार ओलांडून येतो, वरच्या पट्टीतला अडतो. त्यात नवल काही नाही. पण शीर्षकगीत संपेपर्यंत मी ओला टॉवेल हातात धरून तसाच उभा होतो. गिटारचं वाक्य कुठे वळणार, कुठे श्वास घेणार, हे कोबम आधीच सांगून ठेवत होता, आणि इतकी वर्षं मी ते ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: जॅझ फ्युजनच्या, म्हणजे जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफाच्या, अल्बमवर नाव गिटारवादकाचं असलं, तरी त्याला काय वाजवता येईल याची हद्द ड्रमर आखून देतो. आणि ड्रम्सचा साउंड कसा आहे, म्हणजे ते कोरडे वाजतात की घुमतात, जवळ वाटतात की लांब, यावर गिटारला किती जागा मिळणार ते ठरतं. हे ऐकू यायला लागलं की तेच जुने अल्बम दुसऱ्यांदा नवे होतात. ज्यांना तबल्याचा ठेका ओळखता येतो, भजनात टाळ धरता येतो, त्यांची अर्धी तयारी आधीच झालेली आहे.

ऐकायला बसण्यापूर्वी

महागडी साधनं लागत नाहीत. कान झाकणारा साधा वायरचा हेडफोन पुरेसा आहे. फोनमधला इक्वलायझर आणि 'बेस बूस्ट' मात्र बंद करा. बेस वाढवला की बेस ड्रम आणि बेस गिटार एकमेकांत मिसळतात, आणि आपल्याला नेमके तेच दोन वेगळे काढायचे आहेत. आवाज मध्यम ठेवा. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, त्यामुळे फरक कळत नाहीत.

एका आठवड्यात एकच अल्बम घ्या आणि वादकांची यादी आधी वाचा. ही सवय फार उपयोगी आहे, कारण पुष्कळ अल्बमवर ड्रमर एकाहून अधिक असतात. अल डी मिओलाच्या 'एलिगंट जिप्सी'वर (१९७७) स्टीव्ह गॅड आणि लेनी व्हाइट असे दोघे आहेत. त्याच अल्बमवर 'मेडिटरेनियन सनडान्स' नावाचं डी मिओला आणि पाको दे लुसिया यांचं गिटारयुगुल आहे, आणि त्यात ड्रम्स अजिबात नाहीत. ते ऐकून झाल्यावर लगेच ड्रम्स असलेला ट्रॅक लावा. लय सांभाळायचं काम गिटारच्या उजव्या हातावरून उतरल्यावर तो हात काय काय करायला मोकळा होतो, ते तिथे लख्ख दिसतं.

एक सावधगिरी. जुन्या अल्बमच्या 'रीमास्टर' आवृत्त्यांत कधी कधी आवाज इतका वर दाबलेला असतो की हलके आणि जोरकस ठोके जवळजवळ सारखेच ऐकू येतात. दोन आवृत्त्या मिळत असतील तर कमी आवाजाची आधी लावा.

पहिली पायरी: फक्त हाय-हॅट

सुरुवात गिटार-अल्बमपासून करू नका. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'पासून करा. १८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे रेकॉर्डिंग झालं. मॅक्लॉफ्लिन तेव्हा इंग्लंडहून नुकताच तिथे आला होता आणि ड्रम्सवर होता टोनी विल्यम्स, जो वयाच्या सतराव्या वर्षीच माइल्सच्या बँडमध्ये आला होता आणि जॅझमधल्या सर्वांत तडफदार ड्रमर्सपैकी एक मानला जात होता.

या माणसानं 'श्श/पीसफुल'मध्ये काय केलं आहे ते ऐका. बंद हाय-हॅटवर (पायानं उघडमिट होणारी झांजांची जोडी) बारीक, एकसारखे ठोके; जवळजवळ अठरा मिनिटं. ना फिल (मधल्या जागा भरणारी ठोक्यांची धाव), ना झांजांचा गडगडाट. पहिल्यांदा ऐकताना काहीच घडत नाही असं वाटतं. आता डोळे मिटून फक्त त्या हाय-हॅटवर लक्ष ठेवा, इतर काही आलं तरी तिकडे वळू नका. चार-पाच मिनिटांनी त्या ठोक्यांमध्ये जोर कमी-जास्त होताना जाणवेल: कुठे टोक किंचित वर येतं, कुठे दबतं. आपल्याकडे तंबोरा लागलेला असतो आणि गायकाला त्यावर कुठेही उभं राहता येतं, तशी ही हाय-हॅट मॅक्लॉफ्लिनला उभं राहायला जमीन देते. म्हणूनच तो इतके थोडे स्वर इतक्या सावकाश ठेवू शकतो.

मग दुसरी बाजू लावा. सुरुवातीची सुमारे चार मिनिटं ठेका नाहीच, नुसती धून. त्यानंतर 'इट्स अबाउट दॅट टाइम'मध्ये विल्यम्स हाय-हॅट आणि स्नेअरच्या (कडक आवाजाचा, खाली तारा ताणलेला ड्रम) कडेवर आडव्या काठीचा टकटक ठोका, एवढ्यावरच थांबतो. मिनिटं जातात. आणि बऱ्याच उशिरा, माइल्सच्या ट्रंपेटखाली, तो सगळा ड्रमसेट एकदम उघडतो. तो क्षण येईपर्यंत वाट पाहा, पुढे ढकलून ऐकू नका. इतका वेळ राखून ठेवलेला जोर सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि ड्रमरनं काय वाजवलं नाही हेही मोजायला हवं, हे कानाला आपोआप कळतं.

दुसरी पायरी: हातावर ताल धरा

आता बोटं वापरा. आपण मैफलीत मांडीवर टाळी-खाली धरतो, तेच इथे करायचं.

सोप्यापासून सुरू करू. माइल्सच्याच 'अ ट्रिब्यूट टु जॅक जॉन्सन'मधला 'राइट ऑफ' सव्वीस मिनिटांहून मोठा आहे. त्यात बिली कोबम शफल वाजवतो. शफल म्हणजे झोका असलेली चाल: प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पा आणि त्यातला पहिला व तिसरा वाजवा. दादऱ्याच्या अंगानं डोलायची सवय असलेल्या माणसाला ही चाल चटकन सापडते. चार मात्रा हातावर धरा आणि मॅक्लॉफ्लिनचे तुटक, करकरीत कॉर्ड मात्रेच्या नेमके वर पडतात की किंचित मागे, ते ऐका.

त्यानंतर मॅक्लॉफ्लिनच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१). 'द डान्स ऑफ माया' दहा मात्रांच्या चक्रानं सुरू होतो. इथे झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे खंड मनात धरू नका, घोळ होईल. फक्त दहा मोजा आणि सम सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून लावा. पुढे ब्लूजच्या अंगाचा डुलणारा भाग येतो. त्याचं चक्र वीसचं आहे, आणि नंतर ही दोन्ही अंगं एकमेकांवर ठेवलेली ऐकू येतात. दहाची दोन आवर्तनं म्हणजे वीसचं एक, त्यामुळे समेवर दोघं भेटतात. ते भेटणं कोबमच्या वाजवण्यातून शोधा, गिटारमधून नको; गिटार चकवते.

'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठराच्या चक्रात आहे. अठरा मोजणं जड जात असेल तर मोजू नका. गिटारचा झंकारणारा तुकडा फिरून मूळ जागी येतो तिथे फक्त एक टाळी द्या. एवढं पंधरा-वीस आवर्तनं टिकलं की मधल्या मात्रा आपसूक भरत जातात. तबल्याच्या वर्गात नवीन ताल असाच तर अंगात मुरतो.

तिसरी पायरी: ड्रमरचे हात डोळ्यांसमोर आणा

या पायरीवर मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं, कारण कोबमचा 'स्पेक्ट्रम' (१९७३) इथे येतो.

कोबमचा जन्म १९४४ सालचा, पनामातला. वाढला न्यूयॉर्कमध्ये आणि अमेरिकेच्या लष्करी बँडमध्येही त्यानं वाजवलं. बहुतेक ड्रमर उजवा हात डाव्यावरून आडवा नेऊन हाय-हॅट वाजवतात. कोबम डाव्या हातानं हाय-हॅट आणि राइड (लय धरायची मोठी झांज) सांभाळतो, त्यामुळे हात कधी एकमेकांना छेदत नाहीत आणि उजवा हात स्नेअर व टॉमसाठी पूर्ण मोकळा राहतो. हे एकदा व्हिडिओवर पाहून घ्या. नंतर नुसतं ऐकतानाही कळतं की त्याची हाय-हॅट चालू असताना टॉमवर जाणारी धाव इतकी सहज कशी निघते.

अल्बमवर नाव ड्रमरचं असलं तरी गिटारप्रेमींसाठी हा सोन्याचा ठेवा आहे. गिटारवर टॉमी बोलिन, मुळात रॉकमधला माणूस. कीबोर्डवर महाविष्णूमधलाच यान हॅमर. बेसवर ली स्क्लार. रेकॉर्डिंग इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, इंजिनिअर केन स्कॉट.

पहिला ट्रॅक 'क्वाड्रंट ४'. दोन बेस ड्रमवर दोन्ही पायांनी वाजवलेला द्रुत शफल. तो ऐकताना आधी पाय सोडून द्या आणि वर हात काय करतात ते पकडा. दुसऱ्या वेळी हात सोडा, फक्त पाय ऐका. पाय इतके एकसारखे पडतात की वर गिटार आणि सिंथेसायझर सवाल-जवाब करताना कोण कुठे संपला ते कळेनासं होतं, पण लय तसूभरही हलत नाही. गिटारवादक जेफ बेकच्या 'देअर अँड बॅक'वर (१९८०) सायमन फिलिप्सनं वाजवलेला 'स्पेस बूगी' याच घराण्यातला. दोन्ही लागोपाठ लावून पाहा.

मग 'स्ट्रेटस'. सुरुवातीची सुमारे तीन मिनिटं यंत्रांचे आवाज आणि मोकळे ड्रम्स, आणि मग स्क्लारचा बेस रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा छोटा तुकडा, सुरू होतो. हाच रिफ आणि ठेका पुढे १९९१ मध्ये मॅसिव्ह अटॅक या बँडनं 'सेफ फ्रॉम हार्म'साठी उचलला, त्यामुळे अनेकांनी तो नकळत ऐकलेला असतो. इथे एक काम करा. रिफ सुरू झाल्यापासून दोन मिनिटं फक्त स्नेअर ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे मोठे ठोके कुणालाही ऐकू येतात. त्यांच्या मधल्या जागा चाचपा: काठी जेमतेम टेकवल्यासारखे बारीक ठोके सापडतील. ड्रमर त्यांना घोस्ट नोट म्हणतात. तबल्यात ठेका भरताना मुख्य बोलांच्या मधे 'तिट', 'किट' हलकेच येतात आणि ठेका पोकळ वाटत नाही, तीच जात. बेसचा रिफ तसाच फिरत राहूनही कंटाळा का येत नाही, त्याचं उत्तर या बारीक ठोक्यांत आहे. आणि बोलिन लांब, ओढलेले स्वर लावून निवांत राहू शकतो, तो त्यांच्याच भरवशावर.

चौथी पायरी: साउंड ओळखा

ड्रमरनं काय वाजवलं हे ऐकू आलं की पुढचा प्रश्न: ते असं का ऐकू येतं? एक सोपी कसोटी सांगतो. ज्या जागी बाकीची वाद्यं थांबतात आणि स्नेअरचा एकच ठोका उघडा पडतो, अशी जागा शोधा. ठोका पडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो ते पाहा. लगेच मिटला तर कोरडा साउंड. खोलीत फिरून आला तर घुमणारा. आपण डग्ग्याचा घुमार आणि तबल्याची आस वेगवेगळी ओळखतो, तसंच इथे मूळ ठोका आणि त्यानंतरची आस वेगळी काढायची.

कोरडेपणा येतो कशानं? सत्तरच्या दशकात स्टुडिओंमध्ये टॉमचं खालचं स्किन काढून टाकायचं, वरच्या स्किनवर टेप किंवा कापडाचा तुकडा चिकटवायचा, बेस ड्रममध्ये उशी किंवा ब्लँकेट कोंबायचं आणि प्रत्येक ड्रमला अगदी जवळ माइक लावायचा, अशी पद्धत होती. आवाज घट्ट, कमी रेंगाळणारा. याचं सुरेख उदाहरण म्हणजे जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो' (१९७५): निर्माता जॉर्ज मार्टिन, ड्रम्सवर रिचर्ड बेली. तिथे ड्रम्स इतके आटोपशीर बसवलेत की बेक बोटानं आवाजाची कळ फिरवून स्वर मोठा-लहान करतो तेही ऐकू येतं.

अगदी दुसऱ्या टोकाला टोनी विल्यम्स लाइफटाइमचा 'इमर्जन्सी!' (१९६९). मॅक्लॉफ्लिन, लॅरी यंगचा ऑर्गन आणि विल्यम्स असे तिघंच. रेकॉर्डिंग फुटलेलं आहे: ऑर्गन, गिटार, सिंबल (झांजा) सगळे एकमेकांवर चढतात. पुष्कळ जण याच कारणानं तो बाजूला ठेवतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. 'इन अ सायलेंट वे'ला फक्त तीन महिने झालेले आहेत, माणूस तोच, आणि हाय-हॅटवर स्वतःला बांधून घेणारा तो ड्रमर इथे कसलीच दोरी मानत नाही. हे दोन अल्बम एकाच संध्याकाळी ऐका. साउंड वाईट असूनही वाजवणं भिंत फोडून येतं, हे इथे अनुभवायला मिळतं.

तिसरं टोक ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचं. पॅट मथिनीचा 'ब्राइट साइझ लाइफ' डिसेंबर १९७५ मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सबर्गला रेकॉर्ड झाला; बेसवर जॅको पास्टोरियस, ड्रम्सवर बॉब मोझेस. इथे बेस ड्रम मागे आहे, सिंबल पुढे. सिंबलचा प्रत्येक ठोका हवेत विरताना ऐकू येतो आणि मथिनीची स्वच्छ गिटार त्या विरण्याच्या आत बसते. हीच गिटार कोबमच्या बेस ड्रमपुढे ठेवली असती तर चिरडली गेली असती. पुढे मथिनी ग्रुपमध्ये डॅनी गॉटलिब फ्लॅट राइड वापरायचा. या सिंबलला मधला घुमट नसतो, म्हणून काठीची टिचकी स्पष्ट येते आणि गुंजन साचत नाही. १९७८ चा 'पॅट मथिनी ग्रुप' लावून ती टिचकी शोधा; एकदा सापडली की कुठेही ओळखाल.

ऐंशीच्या दशकातला स्नेअर वेगळाच: मोठा, फुगलेला, आणि घुमार मधेच कापल्यासारखा. लंडनमध्ये १९८० साली पीटर गेब्रियलच्या अल्बमवर फिल कॉलिन्स आणि इंजिनिअर ह्यू पॅजम यांच्या हातून हा कापलेल्या घुमाराचा साउंड पुढे आला आणि दशकभर सगळीकडे पसरला. (कॉलिन्स त्याआधी ब्रँड एक्स या फ्युजन बँडमध्येही वाजवत होता, त्याचे पॉपचे दिवसच आठवणाऱ्यांनी 'अनऑर्थोडॉक्स बिहेवियर' जरूर ऐकावा.) गिटारवादक जॉन स्कोफिल्डच्या 'ब्लू मॅटर'वर डेनिस चेंबर्सचा स्नेअर ऐकला की ते दशक लगेच ओळखता येतं. पण त्या चकाकीमुळे चेंबर्सला कमी लेखू नका. तो पार्लमेंट-फंकाडेलिकमधून आलेला आहे, आणि फंकचा तो पक्का ठेका खाली असल्यामुळेच स्कोफिल्डला वर वाकडेतिकडे स्वर लावायची मुभा मिळते.

पाचवी पायरी: गिटारवादक तोच, ड्रमर बदला

यासाठी ॲलन होल्ड्सवर्थसारखा दुसरा नमुना नाही. त्याचा सूर लांबलचक, सनईसारखा अखंड, मात्रेच्या रेघांना न जुमानणारा. मागे कोण आहे यावर तो किती बदलतो ते पाहा.

'बिलीव्ह इट' (१९७५) टोनी विल्यम्सचा. तिथे ड्रम्स मोठे, रॉकच्या वजनाचे. विल्यम्सनं १८ इंची छोटा बेस ड्रम मागे ठेवून २४ इंची घेतला होता. होल्ड्सवर्थ त्या वजनावर स्वार होतो. 'आय.ओ.यू.'वर (१९८२) गॅरी हस्बंड. हस्बंड उत्तम पियानोही वाजवतो, आणि कॉर्ड बदलायच्या जागी त्याचे ठोके कसे रंग बदलतात ते ऐकलं की ही गोष्ट ड्रम्समधूनही जाणवते. 'मेटल फटीग'वर (१९८५) मुख्यतः चॅड वॅकरमन: नेटका, मोजून मापून. 'सीक्रेट्स'वर (१९८९) बहुतेक ट्रॅकना व्हिनी कोलायुटा. वॅकरमन आणि कोलायुटा दोघंही फ्रँक झॅपाच्या बँडमधून तावून सुलाखून निघालेले, तरी एकाच्या मागे गिटार सरळ चालते आणि दुसऱ्याच्या मागे ती सतत टांगलेली राहते, कारण कोलायुटा सम झाकून ठेवतो आणि तीन-चार आवर्तनांनी अचानक दाखवतो.

चारही अल्बममधला एकेक सोलो घ्या आणि कागदावर फक्त एक गोष्ट लिहा: या सोलोत ड्रमरनं गिटारचं वाक्य कितीदा उचललं, आणि कितीदा तसंच जाऊ दिलं. आकडे चुकले तरी चालतील. मोजताना जे ऐकू येतं त्यासाठी हे आहे.

स्कोफिल्डबाबतही हे करता येतं: 'स्टिल वॉर्म'वर ओमार हकीम, 'ब्लू मॅटर'वर चेंबर्स, 'अ गो गो'वर (१९९८) बिली मार्टिन. यातला मार्टिन सर्वांत ढिला, लाकडी, खोलीत समोर बसून वाजवल्यासारखा. मला तो सर्वांत जवळचा वाटतो.

सहावी पायरी: ड्रमसेटच नसेल तेव्हा

मॅक्लॉफ्लिन महाविष्णूनंतर 'शक्ती'कडे गेला. १९७६ सालच्या पहिल्या अल्बमवर मुंबईचे झाकीर हुसेन तबल्यावर आणि विक्कू विनायकराम घटमवर. ना बेस ड्रम, ना सिंबल. मघाशी हातावर ताल धरायचा जो सराव केला तो इथे लावा आणि बघा: सिंबलचं आवरण निघून गेल्यावर गिटारच्या वरच्या पट्टीतलं सगळं आकाश मोकळं होतं. मॅक्लॉफ्लिन इथे आवाज न वाढवता वेग वाढवू शकतो.

मग त्रिलोक गुर्टूंकडे या. ठुमरी ऐकणाऱ्या मराठी घरात शोभा गुर्टूंचं नाव वेगळं सांगावं लागत नाही; त्रिलोक त्यांचे चिरंजीव, १९५१ साली मुंबईत जन्मलेले. जमिनीवर अर्धवट गुडघ्यांवर बसून ते वाजवतात. नेहमीचा बेस ड्रम नाही, त्याऐवजी मोठ्या खंजिरीसारखा एक खास बनवून घेतलेला ड्रम. शेजारी तबला, झांजा, स्नेअर आणि पाण्याची बादली. झांज वाजवून ती पाण्यात बुडवली की तिचा सूर खाली घसरतो. मॅक्लॉफ्लिनच्या तिघांच्या मेळाचा 'लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल' (मैफल नोव्हेंबर १९८९ ची) लावा आणि हा घसरणारा सूर शोधा. हेडफोनवर तो लहानसा, ओला आवाज कानाशी येतो. इथे मॅक्लॉफ्लिन नायलॉन तारांच्या गिटारवर आहे, आणि या मांडणीमुळेच ती नाजूक गिटार दबत नाही. गुर्टूंच्या स्वतःच्या 'उसफ्रेट'वर (१९८८) आईचा आवाजही आहे.

आजच्या काळात यायचं तर मुंबईचे रणजित बारोट. आई कथकच्या सितारादेवी; पायातल्या घुंगरांच्या बोलांवर वाढलेला हा कान पूर्ण ड्रमसेटवर बसला आहे. मॅक्लॉफ्लिनच्या 'फ्लोटिंग पॉइंट'वर (२००८) आणि पुढे 'नाऊ हिअर धिस'वर (२०१२) ते आहेत. त्यांच्या फिल ऐकताना मोजू नका, तोंडानं बोल म्हणून पाहा. तिहाई कुठे सुरू झाली ते तोंडाला आधी कळतं.

सातवी पायरी: स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये

ज्यांना फक्त ऐकायचं आहे त्यांचं काम इथवर झालं. जे स्वतः गिटार वाजवतात आणि घरी किंवा मित्राच्या खोलीत रेकॉर्ड करतात, त्यांच्यासाठी पुढचं.

आमच्या बँडचा पहिला ट्रॅक एका स्टुडिओत मिक्स होऊन आला तेव्हा ड्रमरची राइड नाहीशीच झाली होती. तो सबंध सोलोभर राइडवर होता, आम्ही समोर उभे राहून पाहिलं होतं, आणि मिक्समध्ये गिटारच्या मागे नुसता धुरळा उरला. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो. कारण नंतर समजलं. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, करकरीत करणं) लावलेल्या गिटारचा चावा साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असतो. स्नेअरचा कडक टणत्कार आणि राइडवरची काठीची टिचकीही तिथेच राहतात. एका घरात तिघं. राइडचा आवाज वाढवून भागत नाही. गिटारमध्येच तीन हजारांच्या आसपास थोडा खड्डा पाडावा लागतो, नाहीतर मुळातच अँपवर (गिटारच्या ॲम्प्लिफायरवर) डिस्टॉर्शन कमी ठेवावं लागतं. मी हल्ली डिस्टॉर्शनच कमी ठेवतो. एकट्यानं ऐकताना ती गिटार थोडी बारीक वाटते, बँडमध्ये पूर्ण वाटते.

तसंच खालच्या टोकाचं. गिटारची जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि बेस ड्रमचं पोट त्याच शेजारात असतं. गिटारचा शंभरच्या खालचा भाग कापून टाका. तिथे बेस ड्रम आणि बेस गिटार यांना राहू द्या.

माइक चारच असले तरी उत्तम काम होतं: एक बेस ड्रमला, एक स्नेअरला, दोन वरून. वरच्या दोन माइकचं अंतर डोळ्यांनी ठरवू नका. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकेल असा तो हलवा. अंतर समान झालं की स्नेअरचा आवाज दोन्हीकडे एकाच वेळी पोचतो आणि तो मिक्समध्ये मधोमध, भरीव बसतो. नंतर बेस ड्रमच्या ट्रॅकवर फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटवायचं बटण एकदा दाबून पाहा. ज्या बाजूला पोट जास्त भरतं ती ठेवा.

स्किन लावताना समोरासमोरचे स्क्रू जोडीनं आवळा, आणि प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत बोटानं टिचकी मारून सूर सारखा आहे का ते पाहा. तबलजी गट्ठा ठोकताना घरं जुळवतो तेच हे काम, तितक्याच सबुरीनं करायचं. आस जास्त वाटली तर टिश्यू पेपरची घडी कडेला टेपनं चिकटवा, पण आधी पूर्ण बँडसोबत ऐका. एकट्यानं वाजवताना त्रास देणारी आस गिटार सुरू झाल्यावर बहुतेक वेळा गिळली जाते, आणि मग तीच हवी असते.

ड्रमर मिळत नसेल आणि कॉम्प्युटरवर ठेका बसवत असाल, तर सगळे ठोके एकाच जोराचे ठेवू नका. 'स्ट्रेटस'मधले घोस्ट नोट आठवा: मोठ्या ठोक्याचा जोर शंभर धरला तर ते वीस-पंचवीसवर. हाय-हॅटचा प्रत्येक ठोका हातानं थोडा वर-खाली करा. एका आवर्तनाला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

आणि तुमच्याकडे खराखुरा ड्रमर असेल तर सोलो रेकॉर्ड करताना त्याला तुमच्यासोबत, एकाच वेळी वाजवू द्या. आधी ड्रम्स, मग महिनाभरानं गिटार, असं केलं की तो तुमचं वाक्य उचलूच शकत नाही. आमच्या दुसऱ्या ट्रॅकला आम्ही अँप शेजारच्या खोलीत ठेवला, दार लावून घेतलं आणि दोघं हेडफोन लावून समोरासमोर बसलो. तिसऱ्या टेकला, सोलोच्या मध्यावर, मी एक स्वर लांबवला आणि त्यानं हाय-हॅट सोडून राइड धरली. तोच टेक ठेवला आहे.